मोठं इंजिन बसवायचंय? मग चेसिसचा पाईप कापायच्या आधी तो काय काम करून राहिला ते पाहा

नागपुरात घरी गाडी बनवणारी पोरं आता बरीच दिसायला लागली. कॉलेजात बाहा नाहीतर फॉर्म्युला टीममध्ये (पोरांनी स्वतः गाडी बनवून पळवायच्या कॉलेजांच्या स्पर्धा) असताना हात बसतो, पिथमपूरला स्पर्धेला जाऊन येतात, वेल्डिंग कळतं, पाईप कळतो, आणि मग डिग्री झाल्यावर कोणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये नाहीतर हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात स्वतःची टू सीटर उभी राहायला लागते. यांच्याकडून एकच प्रश्न परत परत येतो: "भाऊ, ओम्नीच्या इंजिनवर चेसिस बनवली होती, आता जिप्सीचं तेराशे सीसीचं इंजिन मिळून राहिलं, समोरचे दोन पाईप आडवे येतात, कापू का?" याचं उत्तर हो-नाही मध्ये देता येत नाही म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो.

आधी गाडी कोणती ते सांगतो, म्हणजे पुढचं डोळ्यासमोर येईल. लोटस सेव्हन नावाची गाडी कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये आणली, लांब बोनेट, दोन माणसं जवळजवळ मागच्या चाकावर बसलेली, आणि सांगाडा सगळा बारीक पाईपांचा. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि ती आजही बनते. तिच्या धर्तीवर जगभर लोकांनी घरी गाड्या बनवल्या, चेसिस बहुतेक एक इंची चौकोनी पाईपची, म्हणजे आपल्या भाषेत २५ बाय २५, १६ गेज. आपल्याकडे अशा गाडीला ओम्नी सगळ्यात सोपी पडते, कारण इंजिन उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, मधून प्रोपेलर शाफ्ट आणि मागे अख्खा ॲक्सल, जे पाहिजे ते सगळं एकाच गाडीत. ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी जुन्या गाड्या आणि माल अजून मिळतो.

आता अडचण कुठे येते ते पाहा. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलेंडर, बोअर म्हणजे सिलेंडरच्या भोकाची रुंदी ६८.५ मिमी. जिप्सीचं १,२९८ सीसी, चार सिलेंडर, बोअर ७४ मिमी. नुसते बोअर एकाला एक लावून मोजले तर एकीकडे साधारण २०५ मिमी आणि दुसरीकडे २९६, वर मधली एक भिंत जास्तीची, म्हणजे ब्लॉकच जवळपास १०० मिमी लांब झाला. ताकद म्हणाल तर ओम्नीची पस्तीसेक हॉर्सपॉवर आणि जिप्सीच्या एमपीएफआयची (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवालं इंजिन) ८०. म्हणजे जागाही जास्त पाहिजे आणि चेसिसवर जोरही दुपटीनं, आणि आपण करणार काय तर जागा व्हावी म्हणून पाईप काढणार. म्हणजे चेसिस कमजोर करतोय नेमकी तेव्हाच जेव्हा तिच्याकडून जास्त काम घ्यायचंय, सगळी गोम इथं आहे.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो कारण नंतर कोणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती आहे तिच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि घरी बनवलेली गाडी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली एआरएआय सारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप म्हणजे नमुन्याची गाडी पास झाल्याशिवाय रजिस्टरच होत नाही. म्हणून ही गाडी शेतात, खाजगी जागेत, ट्रॅकवर किंवा स्पर्धेत चालवायची, वर्धा रोडवर नाही. ओम्नीची नंबरप्लेट लावून फिरवायची आयडिया कोणी दिली तर अजिबात ऐकू नका, ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स नाही आणि समोरच्या माणसाचं काय होईल तो विचार वेगळाच.

आता मुद्द्याचं. पाईपांच्या सांगाड्यात प्रत्येक पाईपला तीन प्रकारचं काम पडू शकतं: कोणी त्याला दोन्ही टोकांनी ओढतं, कोणी दोन्ही टोकांनी दाबतं, नाहीतर कोणी मधोमध भार ठेवून वाकवतं. पहिली दोन कामं बारीक पाईप मजेत करतो, तिसऱ्यात तो मार खातो. किती मार खातो हे आकड्यांत पाहिलं की डोकं ठिकाणावर येतं. २५ बाय २५ चा १.६ मिमी जाडीचा पाईप घ्या, म्हणजेच आपला १६ गेज. त्यातलं नुसतं लोखंड मोजलं तर १५० चौरस मिमी भरतं. स्टील वायएसटी २४० ग्रेडचं असेल तर सरळ ओढल्यावर तो कायमचा लांबायला लागायच्या आधी साधारण साडेतीन टन घेतो. आता तोच पाईप ६०० मिमी लांब घ्या, दोन्ही टोकं टेकवा आणि मधोमध वजन ठेवा, १८० किलोच्या आसपास तो कायमचा वाकतो. पाईप तोच आहे, लोखंड तेच आहे, फक्त जोर कुठून लावला त्यानं वीस पटीचा फरक पडला! टोकं वेल्ड केलेली असली तर थोडा जास्त घेईल, पण चित्र तेच राहतं.

म्हणूनच चांगल्या चेसिसमध्ये जोर नेहमी जोडावर येतो, म्हणजे जिथं तीन-चार पाईप एका बिंदूत मिळतात तिथं, आणि त्या बिंदूतून निघणारे पाईप नुसते ओढले किंवा दाबले जातात. आणि म्हणूनच तिरपे पाईप असतात. चार पट्ट्या घेऊन चार कोपऱ्यांना एकेक नट-बोल्ट लावून चौकोन करा, हातानं तिरपा होतो, कितीही टाइट करा. एक पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात टाका, संपलं, हलत नाही, कारण आता ते दोन त्रिकोण झाले आणि त्रिकोणाची बाजू लांब-आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. वेल्डिंगचा चौकोन नट-बोल्टच्या चौकोनापेक्षा ताठ असतोच, पण त्याचा ताठपणा पाईपाच्या वाकण्यावर अवलंबून असतो, आणि वाकण्यात बारीक पाईप किती कच्चा आहे ते आत्ताच पाहिलं.

इंजिनची जागा ही अशा चेसिसमधली सगळ्यात नाजूक जागा. हल्दीरामच्या संत्रा बर्फीचा रिकामा डबा घ्या, झाकण काढून दोन्ही टोकांना धरून पिळा, आरामात पिळतो, मग झाकण चिकटपट्टीनं चारी बाजूंनी पक्कं करून पिळून पाहा, फरक हाताला लगेच कळतो. इंजिन वरून टाकायचं म्हणून आपण झाकण काढलेलं असतं, चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला, जागा पाहिजे म्हणून खालचाही पत्रा नसतो, म्हणजे डब्याचं तळही गेलं, उरल्या दोन बाजू. आणि बरोब्बर ह्याच तुकड्याच्या पुढच्या टोकाला समोरची दोन्ही चाकं लटकलेली आहेत. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर, की सगळा पीळ ह्या उघड्या खोक्यातूनच मागे जातो. पीळ जास्त पडला की समोरच्या चाकांचे कोन हलतात, शॉकॲब्सॉर्बरचं सेटिंग कितीही करा गाडी वळणावर दर वेळी वेगळी वागते, आणि जोडांजवळ वर्षा-दोन वर्षांत चिरा दिसायला लागतात.

त्यामुळे "हा पाईप कापू का" याच्या आधीचा प्रश्न हा की हा पाईप आत्ता कोणतं काम करून राहिला, आणि ते काम उद्यापासून कोण करणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात पाईप घेऊन दाखवता आलं तरच ग्राइंडर लावायचा. नवीन पाईप आधी जोडायचा, जुना मग काढायचा, उलटं कधीच नाही. याला कारण फक्त मजबुतीचं नाही. उभ्या चेसिसमधला तिरपा पाईप नुसता कापला की वेल्डिंगच्या वेळी आत अडकलेला ताण मोकळा होतो आणि दोन्ही तोंडं एक-दोन मिमी इकडं-तिकडं सरकतात, मग सस्पेन्शनचे पॉइंट जुळत नाहीत आणि माणूस गाडीभर दोष शोधत बसतो.

कामाची सुरुवात मात्र इंजिन मोजण्यापासून होते, आणि इथं घाई करणारे खूप पाहिले. इंटरनेटवरची ब्लॉकची मापं कामाची नाहीत, कारण अडतो तो ब्लॉक नसतोच. अडतात त्याला लटकलेल्या गोष्टी: अल्टरनेटर, सेल्फ, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टर, हेडच्या मागून निघणारा पाण्याचा नळ, क्लचचा लिव्हर. म्हणून भंगारातून फुटका का होईना पण खरा ब्लॉक आणि हेड आणायचं, आतला सगळा माल काढून हलकं करायचं, गिअरबॉक्सचा रिकामा केस मागे लावायचा आणि हे सगळं चेनपुलीला लटकवून चेसिसमध्ये उतरवून पाहायचं. लाकडाचे ठोकळे खाली टाकून वर-खाली, पुढं-मागं करत राहायचं. ह्यात एक अख्खा रविवार गेला तरी जाऊ द्या, पुढचे कितीतरी वाचतात. चेसिस आधी लेव्हलमध्ये ठेवलेली असली पाहिजे आणि मधली रेष दोरीनं आखलेली पाहिजे, ओळंबा सोडून खाली फरशीवर खुणा करा, नाहीतर इंजिन सरळ दिसतं पण ते चेसिसच्या वाकड्या पाईपाशी सरळ असतं.

जागा किती सोडायची? इंजिन रबराच्या फाउंडेशनवर, म्हणजे त्याला चेसिसशी धरणाऱ्या बैठकीवर, हलतं हे लक्षात ठेवा, रेस दिली की ते एका बाजूला कलतं, ब्रेक मारला की पुढं येतं. कुठल्याही पाईपपासून सगळ्या बाजूनं निदान २०-२५ मिमी मोकळं पाहिजे आणि वरच्या टोकाला त्याहून जास्त, कारण फाउंडेशन खाली असतं आणि कलताना वरचं टोकच जास्त फिरतं. एक्झॉस्टपासून पेट्रोलचा पाईप, ब्रेकचा पाईप आणि वायरिंग जितकं लांब ठेवता येईल तितकं, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. फॅनबेल्ट बदलायला आणि ऑइल फिल्टर खोलायला हात जातो का हे पण आत्ताच पाहायचं.

इंजिन मागे सरकवून फायरवॉलमध्ये (इंजिन आणि बसणाऱ्यांच्या मधली भिंत) घुसवायचा मोह सगळ्यांना होतो, वजन मध्ये येतं म्हणून. विचार चांगला आहे पण हिशोब करून पाहा: व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,३०० मिमी आणि १०० किलोचं इंजिन १०० मिमी मागे नेलं तर समोरच्या चाकांवरून मागे जातात फक्त साडेचार किलोच्या आत-बाहेर. त्यासाठी जर पायाजवळची जागा इतकी अरुंद होणार असेल की क्लच दाबताना बूट बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं घर) कव्हरला घासतो, तर माझ्या मते तो सौदा वाईट आहे. पेडलवर पाय नीट पडणं हे साडेचार किलोपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

खालच्या बाजूला चेंबर नडतो. सेव्हन टाइपची गाडी जमिनीला टेकलेली असते आणि जिप्सीचा चेंबर उंच गाडीसाठी बनवलेला. इंजिन वर उचललं तर बोनेटच्या बाहेर येतं आणि वजनही वर जातं, म्हणून लोक चेंबर कापून उथळ करतात. करा, पण दोन गोष्टी सांभाळून. आतली ऑइल ओढायची जाळी तेवढीच वर घ्यावी लागते, आणि तळापासून ती थोडी उचललेलीच पाहिजे, एकदम चिकटली तर ऑइल ओढणार कुठून. आणि जेवढं ऑइल उंचीत कमी झालं तेवढं चेंबरला बाजूनं पेट्या जोडून परत भरून काढायचं, आत आडवे पत्रे टाकायचे, नाहीतर लांब वळणावर सगळं ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग काही सेकंदात जातात. वेल्डिंग झाल्यावर चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर ठेवा, बारीक छिद्र असेल तर सकाळी दिसतंच.

आता कापाकापी. समजा इंजिनच्या वरचा तिरपा पाईप जातोय, जो बोनेटखाली एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असतो. त्याचं काम झाकणाचं होतं. त्याच्याऐवजी खोलता येणारा ब्रेस म्हणजे आधाराचा पाईप बसवा, एक तिरपा किंवा वाय आकाराचा, चारी जोडांपर्यंत पोचणारा. फक्त त्याचे बोल्ट ढिले नकोत, १० मिमीच्या बोल्टला साडेदहाचं भोक केलं की अर्ध्या मिमीत ब्रेस काही करत नाही, आणि आपल्याला जो पीळ थांबवायचाय तोही तेवढाच असतो. भोक रीमर मारून फिट करा. आणि चौकोनी पाईपमधून आरपार बोल्ट जात असेल तर आत टर्नरकडून करून आणलेला बुश टाकून वेल्ड करा, नाहीतर बोल्ट टाइट करताना पाईपाच्या भिंती आत दबतात, चार दिवसांनी बोल्ट आपोआप ढिला.

बाजूचा पाईप नडत असेल, समजा एक्झॉस्टसाठी, तर तिरप्याची दिशा उलटी करून पाहा, दुसऱ्या कोपऱ्यातून नेला तर त्रिकोण तसाच राहतो आणि जागा दुसरीकडे मिळते. कितीतरी वेळा एवढ्यानंच काम होतं आणि पोरं मात्र आधी पाईपात खाच पाडून बसलेली असतात. खाच हा सगळ्यात वाईट उपाय आहे. बंद चौकोनी पाईपाची ताकद त्याच्या चारी भिंती जोडलेल्या असण्यात आहे, एक भिंत कापली की तो पन्हळ झाला, वाकण्यात कमजोर आणि पिळात तर जवळजवळ गेलाच.

तिसरा उपाय जाड पाईपाचा. जिथं त्रिकोण करताच येत नाही तिथं पाईपला वाकणं सहन करायला लावायचं, पण मग त्याला तसा आकार द्यायचा. ४० बाय ४० चा २ मिमी पाईप मीटरला २.४ किलो भरतो, आपला २५ चा भरतो १.२ किलो, म्हणजे वजन दुप्पट, पण वाकायला तो पाच पटीहून जास्त ताठ. पाईपाची भिंत जाड करण्यापेक्षा पाईप मोठा करण्यात जास्त फायदा असतो तो असा. इंजिनच्या दोन्ही बाजूंचे खालचे लांब पाईप असे मोठे घेतले तर बरंच सावरतं. जोडताना मोठा पाईप मध्येच संपवायचा नाही, पुढच्या जोडापासून मागच्या जोडापर्यंत पूर्ण न्यायचा.

पाईप इतवारीत लोहा ओळीत किलोवर मिळतो, २० फुटाची लांबी. दुकानदाराला फर्निचरचा नको म्हणून स्पष्ट सांगा, आयएस ४९२३ चा शिक्का आणि ग्रेड पाहून घ्या, जाडी व्हर्नियरनं स्वतः मोजा कारण १६ गेज म्हणून पातळही येतो. जस्त चढवलेला म्हणजे जीआय पाईप ह्या कामाला घेऊच नका, त्याच्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो, आणि जोडही चांगला बसत नाही.

१६ गेजवर साधी आर्क वेल्डिंग जमवणारे हात आहेत आपल्याकडे, गेट-खिडक्या करणाऱ्यांचे, पण चेसिसला मी मिगच सांगेन, म्हणजे गॅसच्या आडोशात आपोआप पुढं येणाऱ्या वायरनं केलेलं वेल्डिंग, बारीक वायर, स्वच्छ घासलेलं लोखंड, आणि जोडात फट नाही. आधी सगळीकडे टाके मारायचे, गुनिया लावून पाहायचं, कोपऱ्यातून कोपऱ्याचं माप दोन्हीकडे सारखं आहे का पाहायचं, मग एका बाजूला थोडं, समोरच्या बाजूला थोडं असं फिरत फिरत भरायचं. एकाच बाजूनं भरत गेलं की लोखंड थंड होताना आकसतं आणि सगळं तिकडं ओढलं जातं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडीतून काढून ठेवा, अर्थचा चिमटा जिथं वेल्ड करताय त्याच्या जवळ लावा.

आता फाउंडेशन, आणि इथं वरचं सगळं कामाला येतं. उभ्या इंजिनात गिअरबॉक्स इंजिनला बोल्टनं जोडलेला असतो, त्यामुळे फाउंडेशनवर नुसता इंजिनचा नाही तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क उलटा येतो. जिप्सीचं इंजिन १०३ न्यूटन मीटर देतं, पहिला गिअर साडेतीन पटीच्या थोडा वर, म्हणजे साधारण ३७० न्यूटन मीटर. दोन फाउंडेशनमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर एका बाजूला ७५ किलोचा दाब आणि दुसऱ्या बाजूला ७५ किलोची ओढ, क्लच झटक्यात सोडला तर दुपटीच्या घरात. त्यात इंजिन-गिअरबॉक्स मिळून समजा १२० किलो, आणि खड्ड्यात तेच क्षणभर तिप्पट झालं तर ३६० किलो. आता वर आलेला तो १८० किलोचा आकडा आठवा. फाउंडेशनची पत्ती पाईपाच्या मधोमध मारली तर काय होणार ते वेगळं सांगायला नको. पत्ती जोडावरच आली पाहिजे, नाहीच आली तर फाउंडेशनच्या खालून जवळच्या दोन जोडांकडे दोन तिरपे पाईप टाका, म्हणजे तिथं नवीन जोड तयार झाला. पातळ पाईपावर ५ मिमीची पत्ती थेट उभी वेल्ड करू नका, आधी ३ मिमीची रुंद पट्टी बसवा आणि त्यावर पत्ती, नाहीतर पत्तीच्या कडेनं पाईप फाटतो. रबर असं घ्या की फाटलं तरी मधला बोल्ट इंजिनला धरून ठेवेल. रबर काढून इंजिन कडक बसवायचा विचार करू नका, चार सिलेंडरचं इंजिन दर फेरीला दोनदा वर-खाली थरथरतं आणि ती थरथर सरळ वेल्डिंगमध्ये जाते.

गिअरबॉक्स मागे गेला की शाफ्टचा कोन बदलतो. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) वेगळा असतो आणि मध्ये छोटा शाफ्ट, आपण तो वगळून गिअरबॉक्समधून सरळ मागे जातो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस म्हणजे कोनातही फिरणारा जोड, तो कोनात फिरला की मागचं टोक एका फेरीत दोनदा पुढं-मागं होतं, वेग एकसारखा राहत नाही. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला की तो हा फरक रद्द करतो, म्हणून गिअरबॉक्सची रेष आणि ॲक्सलच्या पिनियनची (शाफ्ट जिथं ॲक्सलला मिळतो तो गिअर) रेष एकमेकींना समांतर पाहिजे, आणि शाफ्टची दोन्ही योक म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे एकाच रेषेत. कोन एक ते तीन अंशात ठेवा, एकदम शून्य पण नको कारण मग क्रॉसमधल्या सुया एकाच जागी घासत राहतात. हे सगळं गाडीत दोन माणसं बसवून मोजा, रिकाम्या गाडीत नाही. आणि ओम्नीचा ॲक्सल ह्या ताकदीसाठी नाही हो, ईकोचा पाहा, तिचं २०२२ पर्यंतचं १,१९६ सीसीचं इंजिनही १०० न्यूटन मीटरच्या आसपासच देत होतं.

स्टिअरिंगचा कॉलम उजवीकडून जातो आणि एक्झॉस्टही त्याच बाजूला आला तर दोघांची भेट होते. तेव्हा मध्ये एक जास्तीचा क्रॉस आणि एक आधाराचं बेअरिंग टाकून कॉलमला वळवता येतं. पण कॉलमचा शाफ्ट कापून मध्ये तुकडा वेल्ड करून घेणं, हे कृपया कोणीही करू नका, दातेरी जोडाचे तयार शाफ्ट मिळतात तेच घ्या. बाकी काहीही तुटलं तर गाडी थांबते, हे तुटलं तर गाडी थांबत नाही.

आपल्या गावाचं ऊन हा हिशोब बाहेरच्या ड्रॉइंगमध्ये नसतो. रेडिएटर किती उष्णता फेकतो ते पाणी आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर असतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ असेल तर फरक ६५, तोच मे महिन्यात नागपुरात हवा ४५ झाली की फरक उरतो ४५, म्हणजे तोच रेडिएटर ७० टक्क्यांच्या आतच काम करतो, आणि आपण इंजिन मोठं केलेलं. त्यामुळे समोर नाकात बसेल तेवढा मोठा रेडिएटर, मागून फॅन, आणि हवा आत आली तशी बाहेर जायला बोनेटच्या बाजूला जाळ्या. हवा जायला वाट नसेल तर समोरचं तोंड कितीही मोठं करा, उपयोग शून्य. नाक खाली असल्यामुळे रेडिएटर इंजिनपेक्षा खाली येतो, म्हणून पाणी भरायची टाकी सगळ्यात उंच जागी लावा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकून राहते आणि काटा मात्र थंडच दाखवतो.

एवढं सगळं करून चेसिस आधीपेक्षा ताठ झाली की ढिली, हे अंदाजानं सांगायची गरज नाही, घरी मोजता येतं, आणि मला ह्या सगळ्यात हेच काम सगळ्यात आवडतं. चेसिसचे मागचे दोन्ही सस्पेन्शन पॉइंट पक्के बांधा. समोर मधोमध खाली एक गोल सळई ठेवा म्हणजे चेसिस तिच्यावर डावी-उजवी डुलू शकेल. समोरच्या सस्पेन्शन पॉइंटवर एक जाड पाईप आडवा बांधा, मध्यापासून एक मीटर बाहेर जाईल असा, आणि त्याच्या टोकाला २० किलो वजन लटकवा. हा झाला १९६ न्यूटन मीटरचा पीळ. आता समोरच्या दोन्ही पॉइंटला डायल गेज म्हणजे बारीक हालचाल मोजायचं काट्याचं घड्याळ लावा. समजा पॉइंट ८०० मिमी अंतरावर आहेत, एक १.४ मिमी खाली गेला आणि दुसरा १.४ वर आला, तर एकूण २.८, म्हणजे ०.२ अंश. १९६ ला ०.२ नं भागा, ९८० न्यूटन मीटर प्रति अंश, ही तुमच्या चेसिसची पिळाची ताठरता. मागच्या पॉइंटलाही गेज लावा, तिथं जेवढं हललं तेवढं वजा करा, कारण बांधणी कितीही पक्की असली तरी थोडी हलतेच.

हे माप ग्राइंडर लावायच्या आधी घ्यायचं, नवीन पाईप जोडल्यावर घ्यायचं, जुना काढल्यावर परत घ्यायचं. ब्रेस लावून आणि ब्रेस काढून घ्या, कोणता पाईप खरंच काम करतो आणि कोणता नुसता वजन वाढवून राहिला ते तिथंच कळतं. काही वेळा मजा अशी होते की मोठ्या हौसेनं टाकलेल्या पाईपनं काहीच फरक पडत नाही आणि तळाला रिव्हेटनं ठोकलेल्या एक मिमीच्या पत्र्यानं आकडा एकदम वर जातो, कारण पूर्ण पत्रा म्हणजे दोन्ही दिशांचा तिरपा पाईपच.

गाडी चालायला लागल्यावर पहिले काही दिवस रंग देऊ नका, नुसता पातळ प्रायमर ठेवा, आणि प्रत्येक फेरीनंतर फाउंडेशनच्या पत्त्या, ब्रेसचे जोड आणि समोरच्या सस्पेन्शनचे कोपरे टॉर्च लावून पाहा. शंका आली तर तेवढा प्रायमर काढून लाल डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) मारा, पुसा, वरून पांढरा डेव्हलपर मारा, चीर असेल तर लाल रेघ उमटते. चीर दिसली तर तिच्यावर नुसतं वेल्डिंग फिरवू नका. तिथं पाईप वाकून राहिला आहे, तो काहून वाकतोय ते आधी शोधा, त्या जागेकडे एक तिरपा आणा, मग चीर ग्राइंड करून भरा.